करवतीचे इंजिन आकाशात

वाळलेली बाभूळ तोडताना गावात पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, म्हणजे चेनसॉ, तुम्ही पाहिली असेल. तिचा कर्कश आवाज मैलभर ऐकू येतो. हेच इंजिन करवतीतून काढून दोन-अडीच मीटर पंखांच्या मॉडेल विमानावर बसवता येते, असे कोणी सांगितले तर तुम्हाला गंमत वाटेल. पण अनेक देशांतील हौशी मंडळींनी हे केले आहे. ते कसे जमते आणि त्याचा आपल्या अहिल्यानगरशी, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरशी, काय संबंध, ते आज पाहू.

करवतच का?

विमानाच्या इंजिनाची पहिली अट अशी, की ते हलके हवे आणि त्याची शक्ती जास्त हवी. करवत माणसाने हातात धरायची असते, म्हणून तिच्या कारखानदारालाही हीच अट पाळावी लागते. ५० घन सेंटीमीटरचे दोन-स्ट्रोक इंजिन सुमारे ३ अश्वशक्ती देते. त्यात झडपा नाहीत, वंगणाची वेगळी टाकी नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. प्रमाण १:४० असेल तर एका लिटरला २५ मिलिलिटर.

दुसरी अट अधिक मजेशीर आहे. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो ना? तसाच गोळा मोटारसायकलच्या कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखतो. पण गाडी आडवी पडली की पातळी बिघडते. करवत तर आडवी, उभी, तिरपी कशीही धरावी लागते. म्हणून तिच्या कार्बुरेटरमध्ये गोळ्याऐवजी एक पातळ लवचिक पडदा असतो. दट्ट्या वरखाली होताना त्याच्या खालच्या पेटीतील हवेचा दाब कमीजास्त होतो. त्या हेलकाव्यांनी दुसरा एक पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. कोलांटी मारणाऱ्या विमानाला याहून वेगळे काय हवे?

काय काढायचे, काय बसवायचे?

प्रथम पाते, साखळी, मुठी आणि ओढदोरीचा स्टार्टर निघतो. साखळी फिरवणारा क्लचही निघतो. पाच-सहा किलोच्या यंत्रातून दोन किलोच्या आसपासचे इंजिन उरते. चाकावरचा पंखा आणि त्याचे झाकणही नको, कारण सिलिंडरच्या कल्ल्यांवर वारा घालायला आता विमानाचा पंखा आहेच. मात्र तो वारा नेमका कल्ल्यांमधूनच जावा म्हणून पत्र्याचे आडोसे करावे लागतात. ते विसरले तर इंजिन तापून दट्ट्या अडकतो.

ठिणगीची गोष्ट तुमच्या पाठ्यपुस्तकातली आहे. करवतीच्या जड चाकात चुंबक बसवलेले असतात. ते वेटोळ्यासमोरून वेगाने गेले की फॅरडेच्या नियमाप्रमाणे विद्युतदाब निर्माण होतो. विमानाचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचे म्हटले तर वेग कमी पडतो आणि ठिणगी दुबळी येते. म्हणून बरेच जण चाक काढून बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रॉनिक ठिणगी बसवतात. त्यामुळे वजनही वाचते.

आता एक कोडे. करवतीची साखळी पात्याच्या वरच्या कडेने चालवणाऱ्यापासून दूर जाते. क्लच असतो उजव्या बाजूला. तिकडून पाहिले तर इंजिन कोणत्या दिशेने फिरेल? घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने! विमानाच्या नाकावरचा नेहमीचा पंखा मात्र समोरून पाहता काट्यांच्या उलट फिरतो. म्हणून क्लचच्या बाजूला पंखा लावायचा तर उलट्या पिळाचा घ्यावा लागतो. नाहीतर तो विमानाला मागे ढकलेल!

वेगाचा हिशेब

करवत मोकळी सोडली की मिनिटाला १२,००० फेरे घेते. ५६ सेंटीमीटर व्यासाचा पंखा याच वेगाने फिरवला तर? परीघ १.७६ मीटर. सेकंदाला २०० फेरे. म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला ३५२ मीटर, ध्वनीहूनही जास्त! अशा वेगात शक्ती ओढण्याऐवजी गोंगाटात जाते. म्हणून पंखा असा निवडतात की इंजिन ७,००० फेऱ्यांच्या आसपास राहील. आता टोकाचा वेग किती, ते तुम्हीच काढा. मात्र कमी फेऱ्यांना इंजिनची शक्तीही कमी मिळते, ही किंमत मोजावीच लागते.

हादरे आणि नगरचे उत्तर

एक दोष तरीही उरतो. एकच दट्ट्या वरखाली धावतो, त्यामुळे विमान हादरते. हौशी माणूस रबरी बैठक लावून भागवतो. पण विमानात टेहळणीचा कॅमेरा असेल तर चित्रच पुसट येईल.

नगरच्या वाहननगरमध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटनेची व्हीआरडीई ही प्रयोगशाळा आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेबरोबर तिने 'निशांत' या वैमानिकरहित टेहळणी विमानासाठी वांकेल इंजिन घडवले. त्याची इंधन व ठिणगीची यंत्रणा नगरच्या तंत्रज्ञांनी केली. यात दट्ट्या नसतोच. त्रिकोणी चाती एका पेटीत गोल फिरते, म्हणून हादरे फार कमी. वजन सुमारे ३० किलो, शक्ती सुमारे ५५ अश्वशक्ती. एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळ या इंजिनाने निशांतला १.८ किलोमीटर उंचीवर नेले. त्यापूर्वी असे इंजिन परदेशातून आणावे लागत असे. निशांत पुढे सेवेतून गेले, पण इंजिन घडवण्याचे ज्ञान देशात राहिले.

शेवटी एक धागा पाहा. चातीच्या कडा घासून पेटी झिजू नये म्हणून आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर देतात. अनेक चांगल्या करवतींच्या सिलिंडरमध्येही तसाच थर असतो.

फिरता पंखा डोळ्यांना दिसत नाही आणि बोटे क्षणात कापतो. म्हणून असा प्रयोग जाणत्या माणसाशिवाय करू नका. पण गावातल्या मेकॅनिकने एखादी बंद करवत उघडली असेल, तर तिचा कार्बुरेटर जरूर पाहा. त्यातला तो पडदा शोधा. विमानाची निम्मी गोष्ट तिथेच आहे.