देवाशी आपल्या भाषेत बोलताना

मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आणि पोटापाण्याचा व्यवसाय संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा. तरीही प्रार्थनेविषयी लिहिण्याचे धाडस करतो आहे, याला कारण आईने फोनवर विचारलेला एक प्रश्न.

वडील नगरला शेवटच्या आजारात होते आणि मी इथे एजवेअरला. "प्रार्थना करतोस ना रे?" आईने विचारले. "रोज करतो," मी म्हणालो. "मग काय बोलणं झालं देवाशी?" यावर मला उत्तर सुचले नाही. माझी प्रार्थना म्हणजे इंग्रजीतली एक यादी होती: वडिलांची प्रकृती, मुलांच्या परीक्षा, नोकरी. यादी संपली की आमेन म्हणून उठायचे. आपले सांगून झाल्यावर समोरच्याचे न ऐकताच फोन ठेवून द्यावा, तसा तो प्रकार होता.

ख्रिस्ती परंपरेत मात्र प्रार्थना हा मुळात संवाद आहे. स्पेनमधील संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी तिला मित्राशी एकांतात केलेल्या बोलण्याची उपमा दिली. प्रभू येशू देवाला 'अब्बा' म्हणत. हा घरात वडिलांना हाक मारण्याचा अरामी शब्द, आपल्या 'बाबा'च्या अगदी जवळचा. मार्काच्या ग्रीक शुभवर्तमानातही तो तसाच ठेवलेला आहे. गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेत हीच हाक आहे. तिथे येशूंनी आपली इच्छा आधी स्पष्ट सांगितली आणि मग निर्णय पित्यावर सोपवला. मोकळेपणाने मागायचे आणि समोरच्यालाही बोलायला जागा ठेवायची, हे त्या संवादाचे स्वरूप.

हा संवाद मराठीत रुजवण्याचे मोठे काम रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी केले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी मराठी मंडळ्यांमध्ये इंग्रजीवरून भाषांतरित केलेली, विलायती चालींची गीते पुष्कळ गायली जात. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले. टिळकांनी ख्रिस्तालाही आईच्या नात्याने हाक मारली.

भाषा बदलली की नातेही बदलते. मराठीत देवाला आपण 'तू' म्हणतो. त्याच्यावर रुसता येते, तुकारामांसारखे भांडताही येते. बायबलही याला मज्जाव करत नाही. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारीची आहेत. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते.

वडील गेल्यानंतर ते स्तोत्र माझ्या उपयोगी पडले. 'त्यांना बरे कर' ही मागणी पूर्ण झाली नव्हती आणि कित्येक महिने प्रार्थनेला शब्दच फुटत नव्हते. एके रात्री तोंडून निघाले, "तू कुठे होतास?" मोठा झाल्यानंतरची माझी ती पहिली मराठी प्रार्थना. उत्तर मिळाले असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न विचारून मी पहिल्यांदाच थांबलो होतो.

एजवेअर हे नॉर्दर्न लाइनचे टोक. गाडी इथूनच सुटत असल्याने सकाळी बसायला जागा मिळते. आता ती वेळ मी प्रार्थनेसाठी ठेवली आहे. आधी शुभवर्तमानातला एक लहानसा प्रसंग सावकाश वाचतो. मग मनात येईल ते मराठीत बोलतो. राग असेल तर रागही. शेवटची काही मिनिटे काहीच मागत नाही, नुसता बसून राहतो. मन ऑफिसात पळते. पूर्वी त्याचे अपराधी वाटे. आता ज्या काळजीकडे ते पळाले, तीच देवाला सांगतो. आपल्यापैकी कुणाची प्रार्थना यादीपाशी अडकली असेल, तर एक आठवडा हे करून पाहावे.

आईचा फोन दर रविवारी येतो. प्रश्न तोच असतो. कधी सांगण्यासारखे काही असते, कधी मी म्हणतो, "आज आम्ही दोघंही गप्पच होतो." तेवढ्यानेही तिचे समाधान होते.