पाढे हवेत, समजही हवी!

दुसरीच्या वर्गात बाई 'सत्तावीस' लिहायला सांगतात आणि एखादे मूल पाटीवर ७२ लिहून मोकळे होते. घरी याला धांदरटपणा म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या मुलाने जे ऐकले तेच लिहिलेले असते. 'सत्तावीस' म्हणताना आधी सात येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दशक, मग एकक. इंग्रजी माध्यमाच्या मुलाची अडचण आणखी वेगळी. शाळेत 'ट्वेंटी सेव्हन' आणि घरी आजीच्या तोंडी 'सत्तावीस'!

याच अडचणीवर उपाय म्हणून २०१९ मध्ये 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ संख्यानामांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन देण्यात आले. त्यावरून राज्यभर वादंग उठले, विधिमंडळातही विषय गाजला. मराठी भाषा मोडीत काढली जात असल्याची टीका झाली. जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची संख्यानामे अनेक मुलांना गणितापासून दूर नेतात, अशी गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्षा, दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका होती. कन्नड, तेलुगू या शेजारच्या भाषांत दशक आधी बोलले जाते. वाद पुढे विरला. पण पाठांतर महत्त्वाचे की आकलन, हा त्यामागचा मूळ प्रश्न आजही कायम आहे.

आकडे काय सांगतात?

'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भारतात होणाऱ्या 'असर' पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार, देशातील तिसरीच्या केवळ ३३.७ टक्के मुलांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी करता आली. पाचवीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले ३०.७ टक्के होती. २०२२ च्या तुलनेत हे प्रमाण वाढले असले, तरी तीनपैकी दोन मुले मागेच आहेत. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले, ते याच पार्श्वभूमीवर.

बाजारातले गणित, वर्गातले गणित

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले एक संशोधन या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारे आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची चाचणी घेतली. निरनिराळ्या वजनांचे व भावांचे हिशेब ही मुले तोंडी, बिनचूक करीत होती. मात्र तशीच आकडेमोड शालेय पद्धतीने कागदावर मांडून दिली की अडखळत होती. उलट, बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुले कागदावरच्या उदाहरणांत सरस ठरली, पण व्यवहारातल्या हिशेबात गडबडली. एका जागचे ज्ञान दुसऱ्या जागी आपोआप पोहोचत नाही. ते पोहोचविणे हेच शाळेचे काम आहे.

समतोल म्हणजे नेमके काय?

३२ मधून १७ वजा करायचे आहेत. अनेक मुले २५ हे उत्तर काढतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा केले की झाले! इथे नुसती लाल फुली मारून काहीच साधत नाही. मुलाच्या हाती काड्यांचे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्याव्यात. सात काड्या देण्यासाठी एक गठ्ठा सोडावाच लागतो. मग सुट्या होतात बारा; त्यातून सात गेल्या, उरल्या पाच. उरलेल्या दोन गठ्ठ्यांतून एक गेला. उत्तर १५. 'हातचा' म्हणजे काय, हे इथे हाताला कळते.

मात्र काड्यांवरच थांबणेही चुकीचे. आधी अनुभव, मग त्याविषयी बोलणे, नंतर चित्र आणि शेवटी चिन्ह, हाच क्रम २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही सुचविण्यात आला आहे. त्यानंतर गरज असते भरपूर सरावाची. सात आठे छप्पन हे क्षणात आठवले नाही, तर भागाकाराच्या पायऱ्या समजूनही मूल वाटेतच दमते. पाठांतराने डोके मोकळे होते, आकलनाने त्याला दिशा मिळते.

आपल्या जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी अपूर्णांकांची कोष्टके होती. ४८ रुपये किलोच्या भाजीचा पाव किलोचा भाव पावकी येणारा माणूस चटकन १२ रुपये सांगे. यात पाठांतर होते आणि रोजचा व्यवहारही. त्यातले 'पाव म्हणजे चार समान भागांतला एक' हे तत्त्व वर्गात उलगडून दाखविले, तर पुढे अपूर्णांकांची भीती उरणार नाही.

पालकांनी काय करावे?

उत्तर बरोबर असो वा चूक, 'हे कसे काढलेस?' असे मुलाला विचारावे. भाजी आणताना हिशेब त्याला करू द्यावा आणि घरी आल्यावर तोच वहीत मांडायला सांगावा. पाढे रोज म्हणून घ्यावेत. पण सात आठे किती हे विसरल्यास सात साते एकोणपन्नासमध्ये सात मिळवता येतात, हेही दाखवावे. 'गणित आमच्या घरात कुणालाच जमत नाही' हे वाक्य मात्र मुलासमोर उच्चारू नये. पाटीवर ७२ लिहिणाऱ्या मुलाचे गणित कच्चे नसते; त्याचे म्हणणे ऐकून घेणारे कुणी भेटले नाही, तर मात्र ते कच्चे राहते.