नव्या सदस्याच्या हाती काम द्या
२३ फेब्रुवारी १९०५ला शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघांना एकत्र बोलावलं: एक खाण-अभियंता, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. व्हरमाँटच्या लहानशा गावात वाढलेल्या हॅरिसला मोठ्या शहरात आपलं माणूस हवं होतं. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून या क्लबचं नाव पडलं रोटरी. म्हणजे आधी मैत्री जमली, समाजसेवा मागाहून आली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडच्या रोटरी क्लबांत सभेनंतरच्या चहा-नाश्त्यालाच ‘फेलोशिप’ म्हणतात. पण जुनी मंडळी एका टेबलाभोवती आणि कालच कोटाला पिन लागलेला नवा सदस्य कोपऱ्यात बशी धरून उभा, असं चित्र असेल तर तो चार सभांनंतर यायचा थांबतो. वर्गणी भरतो, येत नाही. त्याला भाषणं नकोत, काम हवं. दारात उभं राहून येणाऱ्यांचं स्वागत करणं, रक्तदान शिबिरात नावं लिहून घेणं, एवढंही पुरतं.

सोबत काम केलं की मैत्री कशी जमते, हे पल्स पोलिओच्या लसीकरण बूथवर नेमकं दिसायचं. क्लबातले डॉक्टर, दुकानदार, सीए शेजारी-शेजारी बसलेले. एक जण डोस पाजतोय, दुसरा रडणाऱ्या बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करतोय. दुपारी डबे उघडले की ‘साहेब’ गळून पडायचं आणि हाक नावाने यायची.