गाडी रोज पाणी मागते? गळती शोधा

ताईंनो, आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेतून म्हणा की स्वतःच्या कर्जातून, गटांकडे आता गाड्या आल्या आहेत. उन्हाळ्यात घाटात गाडी गरम झाली की फेरी बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. ड्रायव्हर म्हणतो, "पाणी टाकलं की झालं." तसं नसतं हो! रेडिएटरचं पाणी बंद नळ्यांतून फिरतं. रोज टाकावं लागतंय, म्हणजे कुठेतरी गळतंय.

हे काम आपल्या कुकरसारखं आहे. दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. पण गरम गाडीचं झाकण काढलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. म्हणून तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचीच करायची. चावी काढून घ्या. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही फिरतो.

बारीक गळती दाब आल्याशिवाय दिसत नाही. त्यासाठी काटा असलेला छोटा हातपंप मिळतो. प्रभागसंघाने एक घेतला तरी सगळ्या गाड्यांना पुरेल, असं मला वाटतं. आधी पाणी पूर्ण भरा, मग झाकणाच्या जागी पंप घट्ट बसवा. मूळ झाकणावर दाबाचा आकडा असतो, जसं ०.९ बार, म्हणजे साधारण १३ पीएसआय. तेवढाच दाब द्या, वर एक झटकाही नको. पंक्चरवाल्याची हवा तर मुळीच भरू नका, रेडिएटर फुटेल.

आता दहा-पंधरा मिनिटं काट्यावर लक्ष ठेवा. काटा उतरला तर पाईपांचे जोड, क्लिपा, वॉटर पंप, रेडिएटरचा तळ बॅटरीच्या उजेडात बघा. ओल कुठे ना कुठे दिसतेच. बाहेर सगळं कोरडं आणि काटा मात्र उतरतोय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल तर गाडी चालवूच नका, मेकॅनिकला बोलवा. उशीर केला तर अख्ख्या इंजिनचं काम निघतं.

पंप काढण्याआधी त्याचा दाब हळूहळू सोडा. आणि हो, सांडलेला कूलंट लगेच पुसा. तो गोडसर पण विषारी असतो. शेळ्या, कुत्री चाटतात. उरलेला कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर भरूच नका, घरात लेकरं असतात.