विस्मरण की वेदना? : जीर्ण वेदनेच्या रुग्णाची स्मृती तपासताना

२००६ सालच्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत मराठवाड्यातील वैद्यांनी एक निराळाच रुग्णवर्ग पाहिला. ज्वर तीन-चार दिवसांत उतरे, परंतु सांधे सुटत नसत. मनगटे, घोटे आणि बोटे आखडलेलीच राहत. चिकुनगुन्याची ती साथ होती. हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंदे भाषेतून आला आहे. वेदनेने वाकून जाणे असा त्याचा आशय असून रुग्णाची चाल पाहिली की तो पटत असे. महाराष्ट्राला हा रोग सर्वस्वी नवा नव्हता. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ येऊन गेली होती. मध्ये तीन दशकांहून अधिक काळ लोटल्याने वैद्य व रुग्ण दोघांनाही त्याचा विसर पडला होता. २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी अडीच लाखांहून अधिक आपल्या राज्यातील होते.

त्या साथीने ज्यांचे दुखणे जीर्ण झाले, त्यांच्यातील एक रुग्णा प्रस्तुत लेखकाला बरेच काही शिकवून गेली. वय साठीच्या घरात, कुटुंब शेतकरी. तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, आमच्या चिकित्सालयात मुलगा तिला घेऊन आला तो सांध्यांसाठी नव्हे. त्याची तक्रार होती, "आईला विसरायचा आजार लागला." चुलीवर दूध उतू जाते, किल्ली सापडत नाही, सांगितलेला निरोप पोहोचत नाही. घरात चर्चा सुरू झाली होती ती बाईंना एकटे ठेवावे की नाही याची आणि घरचा व्यवहार सुनेच्या हाती द्यावा का याची. लेखकाने मेध्य औषध लिहून दिले. महिन्याने तक्रार तीच होती. पुन्हा तेच औषध दिले गेले.

तिसऱ्या भेटीत बाई स्वतः बोलल्या. "डॉक्टरसाहेब, दुखत असलं का माणूस बोलतंय ते कानावर पडतं, पण आत जात नाही." त्यानंतर आम्ही औषधांची पिशवी मागवली. दोन ठिकाणांहून घेतलेल्या, दोन निरनिराळ्या नावांच्या वेदनाशामक गोळ्या तिच्यात निघाल्या. घटक एकच होता. सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नसल्याने त्या कधी ती पुन्हा घेत. पायांवर सूज होती, रात्री तीन-चार वेळा झोप मोडत होती, आणि देवळात जाणे, शेजारणीकडे बसणे कधीच सुटले होते. स्मृतीचा रोग म्हणून आणलेल्या या रुग्णेत वेदना, निद्रानाश, विषाद आणि औषधांचा घोळ असे चार विकार एकमेकांत गुंतलेले होते. ते पाहण्यास आम्हाला तीन भेटी लागल्या. हा लेख त्या चुकीतून लिहिला आहे.

शास्त्राची भूमिका

वेदनेचा आणि स्मृतीचा संबंध आपल्याला नवा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्याच अध्यायात वेदनेचे अधिष्ठान सांगताना मन आणि सेंद्रिय देह या दोहोंचा उल्लेख येतो. त्याच अध्यायात धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश हे दुःखाचे कारण म्हटले आहे. विमानस्थानाच्या सहाव्या अध्यायात शारीर व मानस विकार दीर्घकाळ टिकले तर परस्परांचा अनुबंध करतात असे प्रतिपादन आहे. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. निद्रेच्या विवेचनात ज्ञान आणि अज्ञान यांनाही निद्रेच्या अधीन मानले आहे. वाग्भटाने प्राणवायूकडे बुद्धी व चित्ताचे धारण आणि उदानवायूकडे स्मृती सोपविली आहे. वेदना ही वाताची भाषा मानणाऱ्या वैद्याला जीर्ण शूलात स्मृती ढळावी यात आश्चर्य वाटू नये.

चिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरतो तो मात्र मनाच्या अणुत्व व एकत्व या दोन गुणांचा सिद्धान्त. मन एका वेळी अनेक विषयांचे ग्रहण करीत नाही. इंद्रियाचा विषयाशी संयोग झाला तरी मन तेथे नसेल तर ज्ञान होत नाही. स्मृतीची आठ कारणे सांगताना त्यांत सत्त्वानुबंधाची, म्हणजे मनाच्या अवधानाची, गणना आहे. जे ग्रहणच झाले नाही ते आठवणार कोठून? वर उल्लेखिलेल्या रुग्णेने आपल्या साध्या बोलीत नेमके हेच सांगितले होते. तिच्या मनाला वेदनेने आधीच गुंतवून ठेवले होते.

आधुनिक संशोधन काय सांगते

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वा वारंवार उद्भवणारी वेदना जीर्ण मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. तिचा विस्तार किती, याची कल्पना आपल्याच राज्यातील भिगवण (जि. पुणे) येथील सर्वेक्षणावरून येते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या कामात चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली व सुमारे १८ टक्के व्यक्तींत सांधे-स्नायूंच्या वेदनेची तक्रार आढळली.

चिकुनगुन्याच्या बाबतीत हिंदी महासागरातील रियुनियन बेटाचा अनुभव बोलका आहे. तेथे २००५-०६ च्या साथीत सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या बाधित झाली. सुमारे दोन वर्षांनी केलेल्या पाहणीत बाधितांपैकी ४३ टक्क्यांनी सांधे-स्नायूंचे दुखणे सांगितले. अबाधितांत हे प्रमाण १७ टक्के होते. लक्ष न लागणे, विसर पडणे आणि मन खिन्न असणे या तक्रारीही बाधितांत अधिक होत्या.

२००४ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी जीर्ण कटिशूलाच्या २६ रुग्णांच्या मेंदूची चित्रे तपासली. निर्णय, अवधान आणि तात्पुरती स्मृती ज्याच्या आधारे चालते त्या पुढच्या भागातील करडे द्रव्य निरोगी व्यक्तींच्या तुलनेत कमी आढळले. रुग्णसंख्या लहान असल्याने यावरून टोकाचे निष्कर्ष काढू नयेत. परंतु २०११ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातून आलेला अभ्यास आशादायक आहे. कटिशूलावर यशस्वी उपचार झालेल्या रुग्णांत सहा महिन्यांनी त्याच भागाची जाडी वाढलेली दिसली. म्हणजे ही हानी सर्वस्वी कायमची नसते. वेदना हटली तर बुद्धीला पुन्हा अवकाश मिळू शकतो.

विषादाचेही तसेच आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लेस्ली काइलो यांनी १९६१ साली 'आभासी स्मृतिभ्रंश' ही कल्पना रूढ केली. बाहेरून स्मृतिभ्रंश भासतो, मुळात मात्र उपचारसाध्य मनोविकार असतो. आपले सिद्धान्त आणि ही संशोधने यांची भाषा एक आहे, असा दावा येथे नाही. मात्र दोन्ही वाटा चिकित्सकाला एकच सूचना देतात. जीर्ण वेदनेच्या रुग्णाने विस्मरणाची तक्रार केली तर प्रथम वेदना, निद्रा आणि मन पाहावे. मेध्य औषधाचा विचार त्यानंतर करावा.

परीक्षणाच्या वेळी

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. झोप किती वेळा मोडते व कशाने मोडते, हे विचारावे. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिले का, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला आहे का, हे दोन प्रश्न घरच्यांना बाहेर बसवून विचारावेत. मुलासमोर आई खरे सांगेलच असे नाही.

नंतर तीन साधे शब्द सांगून ते रुग्णाकडून म्हणवून घ्यावेत व पाच मिनिटांनी विचारावेत. न आठवल्यास सूचक खूण द्यावी, जसे 'एक फळ होते' किंवा 'एक भांडे होते'. अवधान विखुरलेल्या रुग्णाला अशा खुणेने शब्द बहुधा आठवतो. अल्झायमरसारख्या व्याधीत खूण देऊनही तो सहसा सापडत नाही. आणखी एक भेद व्यवहारात उपयोगी पडतो. विषादाचा रुग्ण आपल्या विसराळूपणाची तक्रार स्वतः तपशिलाने करतो. स्मृतिभ्रंशात बहुतेक वेळा तक्रार घरचे करतात आणि रुग्ण ती नाकारतो. अर्थात हे केवळ दिशादर्शक आहे, निदान नव्हे. थायरॉईडची मंदता व जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता यांमुळेही अंगदुखी, खिन्नता आणि विस्मरण एकत्र दिसतात. या दोन रक्तचाचण्या करून घेण्यात संकोच नसावा.

काही रुग्णांना थांबवून ठेवू नये. एकाएकी उद्भवलेला गोंधळ, डोक्याला मार, सोबत ज्वर, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांचा व्यवहार न जमणे अशी लक्षणे असतील तर आपल्या शहरात घाटी रुग्णालयासारख्या ठिकाणी त्वरित पाठवावे. जगणे नकोसे झाल्याचे रुग्ण बोलला तर त्याला एकटे सोडू नये. केंद्र शासनाची २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते. तो क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात दिसेल असा लावावा.

औषधालयाची जबाबदारी

आपल्या औषधालयचालक बंधू-भगिनींना येथे मोठे काम आहे. वेदनेच्या रुग्णाची पिशवी सर्वांआधी त्यांच्यासमोर उघडते. निरनिराळ्या नावांनी एकाच जातीची वेदनाशामके चालू आहेत का, हे पाहणे म्हणजे वृक्क वाचविण्यासारखे आहे. ट्रामाडॉल, प्रिगॅबॅलिन, अमिट्रिप्टिलीन यांसारखी औषधे वृद्धांत तंद्रा व गोंधळ आणू शकतात. अशा वेळी ती परस्पर बंद न करता मूळ डॉक्टरांकडे विचारणा करण्यास सांगावे.

नाव नसलेल्या पुड्यांचा विषय टाळून चालणार नाही. सांधेदुखीवर 'एका दिवसात उतार' देणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. स्टेरॉईडमुळे झोप, मनःस्थिती आणि स्मृती तिन्ही बिघडू शकतात. चेहरा सुजलेला असेल, साखर अकारण वाढली असेल तर संशय घ्यावा. मात्र अशी पुडी एकदम थांबविणे धोक्याचे असल्याने रुग्णाला आधी रुग्णालयात दाखवावे. तसेच अप्रमाणित रसकल्पांतून शिसे शरीरात गेल्यास अंगदुखी, चिडचिड आणि विस्मरण हीच त्रयी दिसते. ज्याची परीक्षण-नोंद नाही असा कल्प मांडणीवर ठेवू नये. यात आपल्याच शास्त्राची प्रतिष्ठा पणाला लागलेली आहे.

मेध्य द्रव्यांविषयीही अचूकता हवी. 'ब्राह्मी' या नावाखाली महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मंडूकपर्णी दिली जाते. चरकाच्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा समावेश आहे, त्यामुळे तिचे महत्त्व कमी नाही. परंतु दोन्ही वनस्पती भिन्न आहेत आणि लेबलावर कोणती आहे ते स्पष्ट असावे. ब्राह्मीवरील काही छोट्या चाचण्यांत स्मृतीवर जो परिणाम दिसला तो सुमारे बारा आठवड्यांच्या सेवनानंतर, आणि या चाचण्या मुख्यतः निरोगी व्यक्तींवर झालेल्या आहेत. आठवड्यात गुण येईल असे आश्वासन देऊन रुग्णाच्या पदरी निराशा घालू नये.

चिकित्सेचा क्रम

त्या रुग्णेच्या बाबतीत आम्ही मेध्य औषध काही काळ बाजूला ठेवले. दुहेरी गोळी थांबवून मूत्र व रक्त तपासणी केली. अभ्यंग, स्वेदन आणि वातशामक उपचार सुरू केले. जेवणाची व झोपेची वेळ बांधून दिली. सकाळच्या व संध्याकाळच्या औषधांसाठी दोन निराळ्या रंगांच्या डब्या दिल्या. नातवाने घेतलेल्या गोळीची खूण दिनदर्शिकेवर करायची असे ठरले. सत्त्वावजय हा शब्द आपण मोठ्या आदराने उच्चारतो. येथे त्याचे रूप अगदी साधे होते. रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत जायचे आणि येताना शेजारणीकडे घटकाभर बसायचे.

तीन महिन्यांनी सांधे पूर्ण मोकळे झाले नव्हते, थंडीत ते पुन्हा धरत. पण झोप लागू लागली होती, पायांची सूज उतरली होती आणि दूध उतू जाणे थांबले होते. घरचा व्यवहार त्यांच्याच हाती राहिला. मुलगा म्हणाला, "आई पहिल्यासारखी भांडायला लागली." त्या अभिप्रायाइतके समाधान कोणत्याही तपासणी-अहवालाने दिले नसते.

सर्वच रुग्णांत असे होईल असे नाही. काहींना खरोखरच स्मृतिभ्रंशाची व्याधी असते आणि तिचा मार्ग वेगळा आहे. परंतु दुखण्याने शिणलेल्या माणसावर 'विसराळू' हा शिक्का एकदा बसला की घरातील त्याचे स्थान जाते आणि ते सहसा परत मिळत नाही. तो शिक्का मारण्यापूर्वी त्याची झोप, त्याचे मन आणि त्याची पिशवी पाहावी, एवढीच विनंती सर्व वैद्य व औषधालयचालक बंधू-भगिनींना करून हा लेख पुरा करतो.