शंभर वर्षांनंतरच्या शहराचे पाणी

प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या, खोक्यांचे पुठ्ठे, मोडक्या खेळण्यांची चाके, निकामी झालेल्या सीडी. अशा टाकाऊ वस्तूंतून एक अख्खे शहर उभे करावयाचे, खर्च शंभर डॉलरच्या वर जाऊ द्यावयाचा नाही आणि शहर आजचे नव्हे, तर किमान शंभर वर्षांनंतरचे असावयाचे. अमेरिकेतील शाळकरी मुलांसाठी १९९२-९३ पासून घेतल्या जाणाऱ्या ‘फ्यूचर सिटी’ या अभियांत्रिकी स्पर्धेची ही अट आहे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ती सुरू झाली. संघात किमान तीन विद्यार्थी, एक शिक्षक आणि एक मार्गदर्शक, बहुधा व्यवसायाने अभियंता, अशी तिची रचना. प्रादेशिक फेऱ्या जिंकणारे संघ फेब्रुवारीत, ‘अभियंता सप्ताहा’च्या सुमारास, वॉशिंग्टनला अंतिम फेरीसाठी जातात.

दरवर्षी शहरापुढील एखादा प्रश्न स्पर्धेचा विषय म्हणून दिला जातो. २०१९-२० मध्ये तो पाण्याचा होता, आणि तो ज्या रीतीने मांडला गेला त्यातच त्या वर्षीचे वेगळेपण होते. ‘शहराला पाणी कसे आणाल?’ असे मुलांना विचारले गेले नाही. आपल्या शहराच्या पाणीपुरवठ्यावर येऊ शकणारे एक संकट निवडा आणि ते संकट कोसळले तरी पिण्याचे स्वच्छ पाणी खात्रीने मिळत राहील अशी व्यवस्था आखा, असे सांगितले गेले. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना नळ सुरू कसा होईल यापेक्षा तो बंद कशाने पडेल याचा विचार आधी करावा लागला. अनुभवी पाणीपुरवठा अभियंत्याची विचार करण्याची पद्धत नेमकी हीच असते.

त्या वर्षी काम पाच टप्प्यांचे होते. संगणकावर ‘सिमसिटी’ या खेळात शहर वसवणे, १५०० शब्दांपर्यंतचा निबंध, शहराच्या एका भागाची प्रतिकृती, कामाचे वेळापत्रक आणि शेवटी परीक्षकांसमोर सादरीकरण. प्रतिकृतीत हलणारा किमान एक भाग हवाच. ‘सिमसिटी’ची स्वतःची एक गंमत आहे. १९८९ मध्ये हा खेळ प्रथम आला तेव्हा त्यातील शहराला वीज लागत असे, पाणी लागतच नसे! जमिनीखालच्या जलवाहिन्या त्यात आल्या त्या १९९३ च्या आवृत्तीत. पुढे २०१३ च्या आवृत्तीत रस्ता टाकला की पाणी त्याच्याबरोबर आपोआप पोहोचू लागले. वाहिनी जमिनीखाली असल्याने ती दिसत नाही, आणि न दिसणारी गोष्ट विसरली जाते. हे खेळात घडते तसे नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांतही घडते.

म्हणूनच मुलांना संगणकाकडून कागदाकडे वळावे लागले. पहिले गणित मागणीचे. अमेरिकेत २०१५ मध्ये घरगुती वापरासाठी माणशी दररोज सुमारे ३१० लिटर पाणी लागत होते. (भुयारी गटारे असलेल्या भारतीय शहरासाठी आराखड्यात साधारणपणे १३५ लिटर धरले जातात.) एक लाख वस्तीच्या शहराला त्या हिशेबाने दिवसाला ३ कोटी १० लाख लिटर, म्हणजे तासाला सरासरी १३ लाख लिटर पाणी हवे. पण शहर सरासरीने जगत नाही. सकाळी सहा ते नऊ या वेळेत मागणी सरासरीच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होते आणि मध्यरात्री जवळजवळ थांबते. सकाळच्या गर्दीला पुरेल एवढे मोठे शुद्धीकरण केंद्र आणि पंप उभारले, तर ते दिवसातील उरलेला वेळ अर्धेअधिक रिकामे राहतील. या अडचणीवरील जुना आणि अजूनही सर्वोत्तम उपाय म्हणजे उंचावरील टाकी. पंप रात्रंदिवस एकाच संथ गतीने चालतो, टाकी रात्री भरते आणि सकाळी रिकामी होते.

टाकीची उंची शोभेसाठी नसते. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे तळाशी चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोग्रॅम दाब मिळतो. तीस मीटर उंचीवरील टाकी पायथ्याच्या घराला तीन किलोग्रॅम दाब देते. तेच घर टेकडीवर दहा मीटर उंच असेल तर दाब दोनवर येतो, आणि वाटेत वाहिनीच्या घर्षणात जातो तो निराळाच. शिवाय वीज गेली तरी गुरुत्वाकर्षण जात नाही. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने पोर्तो रिकोची वीजयंत्रणा कोलमडली तेव्हा पंप थांबले आणि पाण्याचे हाल विजेच्या हालांपाठोपाठ आले. वादळाचे संकट निवडणाऱ्या संघाला म्हणूनच आधी हे सांगावे लागते की, पंप बंद असताना टाकीतील पाणी किती तास पुरेल.

वाहिन्यांच्या मांडणीतही असाच प्रश्न दडलेला असतो. झाडाच्या फांद्यांप्रमाणे वाहिन्या टाकल्या तर खर्च कमी येतो, परंतु एक फांदी फुटली की तिच्या पुढची सारी वस्ती कोरडी पडते. त्याच वाहिन्या एकमेकींना जोडून त्यांचे जाळे केले आणि ठिकठिकाणी व्हॉल्व्ह बसवले, तर फुटलेला तुकडा बंद करून पाणी दुसऱ्या वाटेने नेता येते. सॅन फ्रान्सिस्कोला हा धडा १९०६ मध्ये मिळाला. भूकंपाने जलवाहिन्या फुटल्या आणि आग विझवायला पाणी न मिळाल्याने शहर तीन दिवस जळत राहिले. त्यानंतर त्या शहराने केवळ आगीसाठी स्वतंत्र, उंचावरील जलाशयातून चालणारी दुसरी वाहिनीयंत्रणा उभारली.

संकट कोणते निवडावे याला मात्र तयार उत्तर नव्हते, कारण प्रत्येक संकटाचा उपाय निराळा असतो. केप टाऊनचा पुरवठा जवळजवळ संपूर्णपणे पावसावर भरणाऱ्या धरणांवर अवलंबून होता. सलग तीन कोरड्या वर्षांनंतर २०१८ च्या फेब्रुवारीत तेथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घालावी लागली. तेथे उणीव होती ती दुसऱ्या स्रोताची. ओहायोतील टोलेडोची गोष्ट उलट. इरी सरोवर तुडुंब होते, परंतु ऑगस्ट २०१४ मध्ये शेवाळातून निर्माण झालेले विष नळाच्या पाण्यात उतरले आणि सुमारे ५ लाख लोकांना तीन दिवस ते पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. उकळून उपयोग नव्हता; उकळल्याने विषाचे प्रमाण वाढतच होते. काठोकाठ भरलेले सरोवर तेथे कामाचे नव्हते.

तिसरे उदाहरण या दोहोंपेक्षा अधिक बोचणारे आहे. मिशिगनमधील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी डेट्रॉइटचे पाणी घेणे थांबवले आणि फ्लिंट नदीचे पाणी पुरवण्यास प्रारंभ केला. जुन्या शिशाच्या वाहिन्यांना पाण्याने झिजवू नये म्हणून त्यात संरक्षक रसायन मिसळावे लागते. ते मिसळले गेले नाही आणि शिसे घराघरांत पोहोचले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या तेथील कारखान्याने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून ते पाणी घेणे सोडले. मुलांना मात्र ते आणखी वर्षभर प्यावे लागले. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटीशा यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मुलांच्या रक्तातील शिशाचे आकडे जाहीर केले, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आले. फ्लिंटमध्ये नदी होती, पंप होते, शुद्धीकरण केंद्रही होते. चुकला तो निर्णय. याच घटनेने अस्वस्थ होऊन कोलोरॅडोतील सातवीत शिकणाऱ्या गीतांजली राव या भारतीय वंशाच्या मुलीने पाण्यातील शिसे ओळखणाऱ्या उपकरणाची कल्पना मांडली आणि २०१७ मध्ये ती दुसऱ्या एका राष्ट्रीय स्पर्धेत पहिली आली.

या ठिकाणी ‘फ्यूचर सिटी’ची एक मर्यादाही दिसते. शंभर वर्षांनंतरचे शहर म्हटले की कल्पनेला पंख फुटतात. पाणी शुद्ध करणारे सूक्ष्म यंत्रमानव किंवा हवेतून पाणी ओढणाऱ्या भिंती कागदावर सहज उभ्या राहतात. गंजलेला व्हॉल्व्ह, वेळेवर न तपासलेला पाण्याचा नमुना, देखभालीसाठी न मिळालेला निधी हे मात्र पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत दाखवणे कठीण. त्यामुळेच निबंधापेक्षा आणि झगमगत्या प्रतिकृतीपेक्षाही सादरीकरणानंतरची प्रश्नोत्तरे महत्त्वाची ठरतात. ही गाळणी कोण बदलणार, किती दिवसांनी, आणि ती तुंबली आहे हे कळणार कसे, या साध्या प्रश्नांवर यंत्रमानव निरुपयोगी असतो. तेथे मुलांनी खरोखर काय समजून घेतले आहे ते उघड होते.

२०२०-२१ मध्ये स्पर्धेने मुलांना थेट चंद्रावर वस्ती वसवायला सांगितले आणि तेथील साधनसंपत्तीच वापरण्याची अट घातली. तेथे नदी नाही, पाऊस नाही, हवाही नाही. तरी पहिला प्रश्न बदलला नाही: पाण्याचा स्रोत कोणता? चंद्राच्या ध्रुवांजवळ, जेथे सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही अशा विवरांत बर्फ आहे. त्याचा एक महत्त्वाचा पुरावा २००८ मध्ये झेपावलेल्या भारताच्या चांद्रयान-१ वरील नासाच्या उपकरणाच्या नोंदींतून हाती आला आहे. तो बर्फ खणून वितळवायचा, गाळायचा, टाकीत चढवायचा. चंद्रावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. त्यामुळे पृथ्वीवर तीस मीटर उंचीची टाकी जो दाब देते, तो तेथे मिळवायचा तर टाकी सुमारे १८० मीटर उंचीवर न्यावी लागेल.