प्रतिमा छानक

अंकीय छायाचित्रातील चित्रबिंदूंच्या मूल्यांवर ठराविक गणिती क्रिया करून चित्राचे स्वरूप पालटणारे संगणकीय साधन. प्रचारात यास ‘फिल्टर’ म्हणतात. कॅमेऱ्याच्या भिंगापुढील रंगीत काचेसही हेच नाव आहे. परंतु काच प्रकाशातील काही तरंगलांब्या अडविते, तर प्रतिमा छानक चित्र टिपून झाल्यावर त्यातील संख्यांवर कार्य करतो.

तत्त्व : करड्या चित्रात प्रत्येक चित्रबिंदूची तेजस्विता सामान्यतः ० (काळा) ते २५५ (पांढरा) या संख्यांनी दर्शवितात. रंगीत चित्रात लाल, हिरवा व निळा यांच्या तीन संख्या असतात. अनेक छानक प्रत्येक बिंदूचे नवे मूल्य त्याच्या शेजारच्या बिंदूंवरून काढतात. एक बिंदू व त्याभोवतीचे आठ अशा नऊ मूल्यांची सरासरी घेतल्यास चित्र धूसर होते. याउलट मधल्या मूल्याची पाचपट करून त्यातून वरचे, खालचे, डावे व उजवे मूल्य वजा केल्यास कडा ठळक होतात. नऊ मूल्ये चढत्या क्रमाने मांडून मधले घेतल्यास विखुरलेले पांढरे-काळे ठिपके नाहीसे होतात. कर्णरेषेवरील समोरासमोरच्या बिंदूंतील फरक मध्यम करड्या छटेत मिळविल्यास उठावशिल्पाचा आभास निर्माण होतो.

इतिहास : यांपैकी काही युक्त्या संगणकपूर्व आहेत. मूळ निगेटिव्हवर तिचीच किंचित धूसर पॉझिटिव्ह प्रत ठेवून छपाई केल्यास चित्रातील कडा उठून दिसत. आजच्या ‘अनशार्प मास्क’ या छानकाचे नाव याच पद्धतीवरून पडले आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी १७६ × १७६ बिंदूंचे छायाचित्र संगणकात उतरविले. टॉमस व जॉन नोल या बंधूंनी तयार केलेली फोटोशॉप ही आज्ञावली अडोबी कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणली, तर गिंप ही विनामूल्य आज्ञावली १९९६ मध्ये उपलब्ध झाली. अशा आज्ञावलींमुळे प्रयोगशाळांतील या पद्धती सर्वसामान्यांच्या हाती आल्या.

मर्यादा : छानक चित्रात नसलेला खरा तपशील निर्माण करू शकत नाही, असलेला मात्र नष्ट करू शकतो. त्यामुळे कोणता परिणाम उलटविता येतो, हे जाणणे महत्त्वाचे ठरते. भोवऱ्याचा छानक बिंदूंची मुख्यतः जागा बदलतो. म्हणून उलट दिशेने पीळ दिल्यास चित्र बऱ्याच अंशी पूर्ववत होते. बालकांवरील अत्याचाराच्या एका प्रकरणात आरोपीने आपला चेहरा असाच पिळून चित्रे प्रसृत केली होती. जर्मन पोलीस तज्ञांनी तो पीळ उलगडला, इंटरपोलने २००७ मध्ये चेहरा प्रसिद्ध केला व त्याच महिन्यात थायलंडमध्ये आरोपीस अटक झाली.

चौकटींच्या छानकात १० × १० बिंदूंच्या जागी एकच सरासरी उरते. शंभर मूल्ये एका मूल्यावरून परत मिळत नाहीत. तथापि अंक किंवा अक्षरे अशा रीतीने झाकल्यास सर्व संभाव्य अक्षरांना तोच छानक लावून व परिणाम ताडून मूळ मजकूर ओळखता येण्याचा संभव असतो. धूसरकाचे प्रमाण कळल्यास मुळाच्या काहीसे जवळ जाता येते. परंतु लोपलेला सूक्ष्म तपशील परत येत नाही. म्हणून साक्षीदाराचा चेहरा वा खातेक्रमांक लपविताना तो भाग एकजिनसी रंगाने पूर्ण पुसून चित्र नव्याने साठविणे अधिक सुरक्षित असते.

याच कारणास्तव वृत्त, वैद्यक व न्यायवैद्यक क्षेत्रांत मूळ चित्र अबाधित राखून प्रतीवरच छानक वापरणे आणि केलेल्या क्रियांची नोंद ठेवणे इष्ट मानतात. कलात्मक चित्रणात असे बंधन नसले, तरी एकदा साठविलेल्या बदलातून मूळ चित्र परत मिळेलच, अशी खात्री देता येत नाही.